गाडीखालचा फोटो पाठव

ॲबर्डीन, स्कॉटलंड

ती. आई आणि दादास,
सा. न. वि. वि.

दादा, गाडीचे फोटो मिळाले. रंग चकचकीत, टायर काळेकुळकुळीत, डॅशबोर्डवर गणपती. गाडीखालचा मात्र एकही फोटो नाही. 2012 ची वॅगन आर, मुंबईची, 1,45,000 ला, आणि मालक म्हणतो एकहाती, म्हणजे एकाच मालकाने वापरलेली. तू टोकन पाठवायला निघालायस असं वहिनीकडून कळलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

न बघता गाडी घेऊ नको, असं मी म्हणत नाही. गुहागरातून प्रत्येक गाडीसाठी मुंबईला जाणं कुणाला परवडणार? मीही इथली माझी गाडी न बघताच घेतली. पण इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी सरकारमान्य तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. नंबर टाकला की प्रत्येक तपासणीत काय नापास झालं, गाडी किती मैल चालली होती, कुठे गंज धरतोय, सगळं फुकट वाचायला मिळतं. थंडीत बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाड्या खालून सडतात. हे वाचलं आणि मला आपलं अंगणच आठवलं. आपल्याकडे तेच काम खारा वारा करतो, आणि तो तर बारा महिने.

म्हणून माझा सगळा जोर खालच्या पत्र्यावर आहे. वॅगन आरचं इंजिन चांगलं आहे. 2010 नंतरच्या गाडीत के-सिरीजचं, टायमिंग चेन असलेलं इंजिन येतं, आणि त्याचे पार्ट चिपळुणात कुठल्याही दुकानात मिळतात. इंजिन बिघडलं तर मेस्त्री दुरुस्त करेल. पत्रा सडला तर वेल्डिंग करून दोन पावसाळे निघतील, तिसऱ्याला पुन्हा तेच. मुंबईची गाडी म्हणजे तीही समुद्राकाठचीच, आणि गुहागरला येऊन पुन्हा समुद्राकाठीच उभी राहणार. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून तू कधी पेटी घेतलीस का? मग बोनेटचा फोटो बघून गाडी कशी घेतोस?

डोंबिवलीच्या आपल्या आतेभावाला पाठव, पण एकट्याला नको. तो भिडस्त आहे, मालकाने चहा पाजला की गाडी चांगलीच म्हणून येईल. त्याच्यासोबत मालकाच्या ओळखीचा नसलेला मेस्त्री जाऊ दे. दीड-दोन हजार घेईल, ते माझ्याकडून. गाडी लिफ्टवर घ्यायला सांग. दाराखालचा पत्रा, जॅक लावायची जागा, मागच्या चाकांच्या कमानी, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, सगळ्याचा व्हिडिओ कर म्हणावं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. पत्रा असेल तिथे खणखणीत वाजतं, आत लांबी (पुट्टी) भरलेली असेल तिथे भद्द. फ्रिजवरचं चुंबक खिशात टाकून न्यावं, लांबीवर ते चिकटत नाही. आणि खालून नुकतंच काळं डांबर मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका. विकायच्या आठवड्यात गाडीला डांबर कोण मारतं, आणि कशावर?

दुसरी गोष्ट पुराची. 22 जुलै 2021 नंतर चिपळुणात किती गाड्या चिखलात होत्या ते तू डोळ्यांनी पाहिलंयस. सांगली-कोल्हापूरला 2019 लाही तेच झालं. विमा कंपनी अशी गाडी टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही म्हणून, काढते, कुणीतरी ती स्वस्तात उचलतो, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आणतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायला सांग. आत गुंडाळलेला तो हातभर पट्टा कुणी धूत नाही, तिथे मातकट रेघ सापडते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांवरचा गंजही बघावा. गाडीत उग्र अत्तराचा वास मारत असेल तर नाकाला विचारावं की हे कशासाठी.

इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तिथूनच नमस्कार. टायर काळे दिसतात ते पॉलिशने. बाजूला चार आकडी तारीख असते, 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. मुंबईची वॅगन आर म्हणजे सीएनजी किट असण्याची शक्यता मोठी. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

कागदांचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, कर्जाचा बोजा आहे का, दंडाचं चलन किती थकलंय ते आजच बघ. 'एकहाती' खरं की खोटं तिथेच कळेल. कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. चॅसी नंबर आरसीशी ताडून बघायचा. आरसी 2027 ला संपते, मग फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण, तो खर्च भावात आत्ताच वजा करायला लाव. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याची सूट, जुन्या मालकाचा असतो, तो तुला मिळणार नाही. कुणी दिल्लीची गाडी आणखी स्वस्त दाखवली तर भुलू नकोस. तिकडे जुन्या गाड्यांवर बंधनं आली म्हणून त्या इकडे येतात, आणि महाराष्ट्रात एनओसी नि पुन्हा रोड टॅक्स तुझ्या गळ्यात.

कागद जुळल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही नाही. मालक जर म्हणाला की मी फौजेत आहे, बदली झालीय, गाडी लष्कराच्या ट्रकने पाठवतो, आधी वाहतुकीचे पैसे भर, तर फोन ठेव. ही जुनी फसवणूक आहे, ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवतात.

खरं विचारशील तर मी असतो तर मुंबई सोडून कराडकडे बघितलं असतं. एमएच 50 ची गाडी, घाटमाथ्याच्या पलीकडची, खाऱ्या वाऱ्यापासून लांब. सकाळी एसटीने कुंभार्ली चढून संध्याकाळी चालवत खाली येशील, आणि मग हे आतेभावाचं प्रकरणच नको. दहा हजार जास्त गेले तरी चालतील, ते मी टाकतो.

आईला चिपळूणला डॉक्टरकडे न्यायला गाडी हवी हे मला समजतं, पण पुढची तारीख कधी आहे ते कळव. तोवर भाड्याची रिक्षा करा, पैशांचा विचार करू नका.

तुझा,
धाकटा

ता. क. वहिनीला सांग, डॅशबोर्डवरचा गणपती आपल्याकडे आधीच आहे, त्याचे वेगळे पैसे धरू नका.