‘कार्ड चालत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खरिपाच्या तोंडावर दारव्हा, आर्णी, दिग्रस भागातल्या कृषी केंद्रांत बियाण्याचं बिल तयार होतं, शेतकरी खिशातून बँकेचं कार्ड काढतो, स्वाइप मशीन ते घेत नाही आणि ‘कार्ड चालत नाही’ एवढं सांगून दुकानदार ते परत करतो. मग रोख रकमेसाठी तालुक्याची चक्कर, नाहीतर उसनवारी. दोष कुठे आहे हे दोन मिनिटांत शोधता येतं, म्हणून हे पत्र.

आधी एवढंच बघा: मशीनने पिन मागितला का? मागितला असेल तर मशीनला चिप, म्हणजे कार्डावरची सोनेरी चकती, वाचता आली. अडचण पुढे, बँकेत किंवा रेंजमध्ये आहे. पिनच्या आधीच ‘चिप एरर’ आलं, तर दोष कार्डाच्या सोनेरी चकतीत किंवा मशीनच्या खाचेत. त्याच मशीनमध्ये दुसरं कार्ड घालून पाहा. तेही अडलं तर मशीन तपासायला हवं, ग्राहकाला दोष देऊ नये.

चकतीवर घाम, तेल आणि खताची पूड बसते. युरिया हवेतली ओल ओढतो, त्यामुळे खताच्या दुकानात हा थर चिकट होतो. कोरड्या सुती कापडाने पुसा. तेवढ्याने भागलं नाही तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा. पॉलिश पेपर, ब्लेड, पेट्रोल अजिबात नको. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. चिपची बाजू वर आणि पुढे ठेवून कार्ड टेकेपर्यंत सरळ घाला आणि मशीन ‘कार्ड काढा’ म्हणेपर्यंत हात लावू नका. घाईने आधीच ओढल्यामुळे कितीतरी व्यवहार फसतात. चिपच्या कडेला भेग गेली असेल तर पुसून उपयोग नाही, नवीन कार्डच मागवा. मागच्या खिशात ठेवून त्यावर बसल्याने आणि मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहिल्याने कार्डं वाकतात.

कार्डामागची काळी पट्टी मशीनमध्ये घासून बघू, असं पुष्कळांना वाटतं. पण कार्डाला चिप आहे हे त्या पट्टीवरच नोंदलेलं असतं (तिच्यातला सेवा-कोड २ किंवा ६ ने सुरू होतो), म्हणून मशीन परत चिपच मागते. त्यापेक्षा कार्डावर लहरींची खूण असेल तर ते मशीनला नुसतं टेकवा. ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. मात्र ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर ही सोय बंद ठेवूनच दिली जाते. बँकेच्या अ‍ॅपमधून ती आपल्याला चालू करावी लागते.

पिननंतर नकार आला तर स्क्रीनवरचा किंवा स्लिपवरचा दोन आकडी कोड वाचा. ५१ म्हणजे खात्यातली शिल्लक किंवा क्रेडिट कार्डाची मर्यादा अपुरी, ५४ मुदत संपली, ५५ पिन चुकला, ७५ पिन फार वेळा चुकला, ६१ रकमेची मर्यादा ओलांडली. ५७ आला तर बहुधा कार्डावर त्या प्रकारच्या व्यवहाराची सोयच बंद असते. ९१ म्हणजे कार्डाच्या बँकेकडून उत्तर नाही. कोड आला याचाच अर्थ मशीनला रेंज आहे, तेव्हा ९१ आल्यावर मशीन घेऊन दाराबाहेर धावण्यात अर्थ नाही, थोडं थांबा. ‘कनेक्शन नाही’ असं आलं तरच जागा बदला, सिम तपासा, मशीन बंद करून चालू करा.

पैसे कापल्याचा मेसेज आला पण स्लिप निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. वेळ, रक्कम आणि मशीनचा टीआयडी (ओळख क्रमांक) लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार ही रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेत लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

आमची बँकांना विनंती आहे: दुकानदाराला मशीन देताना या कोडांचे अर्थ मराठीत छापलेला कागदही द्या आणि तो गल्ल्याजवळ लावून घ्या. पेरणीच्या दिवसांत मशीन बिघडली तर ती बदलून देणारा माणूस तालुक्याच्या गावीच असावा. पाऊस पडून गेल्यावर शेतकऱ्याला बियाण्यासाठी चार दिवस थांबता येत नाही.

आपले,
स्वाइप मशीनची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ,
जि. यवतमाळ