गणपतीच्या बाजारात गाडी लावायची कुठे?

मा. जिल्हा पालकमंत्री, बेळगाव यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी आईला घेऊन हिंडलग्याहून बाजारात आलो होतो. गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जवळच्या एका बोळाच्या तोंडाशी दहा-बारा दुचाक्या लागल्या होत्या, तिथंच आमची स्कूटर टेकवली. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर अख्खी रांग गायब. शेवटी विजेच्या खांबावर एक कागद सापडला, पावसाने शाई ओघळलेला, त्यावर कुणीतरी केळीचे खुंट टेकवून ठेवलेले. खुंट सारल्यावर कळलं, सणापुरतं इथं पार्किंग बंद! आई पत्रीची पिशवी मांडीवर घेऊन एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि मी रिक्षा करून गाडी सोडवायला गेलो. दंड भरला. हुकाला अडकवलेले पाचही नारळ मात्र जागच्या जागी होते, हेही सांगायला हवं.

बंदीला माझी हरकत नाही. खानापूर, चंदगडची माणसं, चोर्ला घाट चढून येणारे गोवेकर, सगळे त्याच चार दिवसांत मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्लीत उतरतात. बैठे विक्रेते रस्त्याच्या कडेला असतातच, आणि असावेतच; दुर्वा-फुलं काय मॉलमध्ये घ्यायची? अशा वेळी गाड्या आत सोडल्या तर ॲम्ब्युलन्ससुद्धा अडकेल.

पण बंदी म्हणजे अर्धंच काम झालं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११७ वाचून बघा. वाहनं कुठे आणि किती वेळ उभी करता येतील, हे स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवण्याचा अधिकार त्यात दिलाय. कुठे लावता येतील! आपल्याकडे फलक लागतात ते कुठे लावू नये याचे. कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर वाहनांना महिन्याभरापर्यंत मनाई करायची तर राजपत्राची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. केळीच्या खुंटामागचा कागद तेवढ्या प्रसिद्धीत बसतो का?

तेव्हा सरदार मैदान आणि सीपीएड मैदान त्या दिवसांसाठी पार्किंगला खुलं करता येतं का, हे मनपा आणि रहदारी पोलिसांना एकत्र बसवून ठरवा. दोन्हीकडून बाजार चालत गाठता येतो. भाद्रपदातल्या पावसात मैदानाचा चिखल होतो, स्टँड रुततो आणि गाडी आडवी पडते. म्हणून गाड्या लावायच्या कोपऱ्यात आधी खडी टाका, नाहीतर लोक पुन्हा बोळातच येतील. वयस्करांसाठी तिथून एखादी टमटम सोडली तर उत्तमच. रविवार पेठेत माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळी नऊच्या आतली वेळ द्या. ग्राहकाला हाकलून टेम्पोला दुपारभर उभं राहू देणं कुणालाच पटत नाही.

बंदीची वेळही बघा. सकाळी आठला गल्ली रिकामीच असते, तेव्हा पाच मिनिटं गाडी लावून हार घेणाऱ्याने कुणाचं काय बिघडवलं? विसर्जनाचं वेगळं. मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू राहते, तेव्हा रस्ते पूर्ण मोकळेच हवेत.

आणि फलक. कन्नड असावंच. त्याच्याखाली मराठी असू द्या, कारण येळ्ळूर-कंग्राळीहून येणाऱ्या आजीला तेच वाचता येतं. खाली मैदानाच्या दिशेचा मोठा बाण काढा. बाणाला भाषा लागत नाही. खांबावर डोक्याच्या वर लावा, म्हणजे खुंटामागे जाणार नाही.

यंदा चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी हे जाहीर झालं तर आईला बाजाराला नेता येईल. सध्या ती म्हणते, "मी बसनं जाते, तू गाडी घरी ठेव."

आपला,
हिंडलग्याचा एक दुचाकीस्वार