नऊ खोल्या, पण एका वेळी पाचच

ग्वाल्हेर,
पितृपक्ष

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पितृपक्ष लागला की आपल्या गढीवर भाडं देऊन राहणारे पाहुणे येत नाहीत. दिल्ली-आग्र्याकडची मंडळी या पंधरवड्यात मौजेसाठी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे सध्या घर रिकामं आहे आणि मला निवांत बसून लिहिता येतंय. फोनवर बाबा, तुम्ही आणि दादा दोघं एकदम बोलायला लागता, मग माझं म्हणणं राहूनच जातं.

दादाचा हिशोब मला पाठ आहे. नऊ खोल्या, बारा महिने, प्रत्येक खोलीत एसी, म्हणजे इतके पैसे. पुण्यात बसून केला की तो बरोबर येतो. पण ज्यांनी ही गढी बांधली त्यांनी नऊ खोल्या एकदम वापरायला बांधल्याच नव्हत्या. थंडीत दक्षिणेच्या खोल्या, उन्हाळ्यात तळघर आणि उत्तरेचा सोपा. आजोबांचा पलंग वर्षातून दोनदा हलायचा आणि तो उचलायला गावातली चार माणसं बोलवावी लागायची, हे आई, तूच सांगायचीस. मी तेच करते. एका वेळी पाच खोल्या देते, त्याही ऋतू बघून. संकेतस्थळावर फोटो पाहून भर जानेवारीत कुणी उत्तरेची खोली मागितली, तर मी सरळ नाही म्हणते. दोन हात जाडीची दगडी भिंत एकदा गार पडली की होळीपर्यंत तापत नाही. पौषात सूर्य खाली असतो, दक्षिणेच्या झरोक्यांतून ऊन थेट पलंगावर येतं. पाहुणा दहा वाजेपर्यंत त्या उन्हात लोळतो आणि जाताना म्हणतो की इथे झोप छान लागते!

आमचा खरा हंगाम थंडीचाच. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, त्यासाठी लोक लांबून येतात. २०२४ साली त्याचा शंभरावा सोहळा झाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला, तेव्हापासून विचारणा वाढलीय. मी पाहुण्यांना रात्रीच्या मोठ्या मैफलीआधी सकाळचा कार्यक्रम पाहायला पाठवते. तानसेनाच्या समाधीपाशी सनई, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांची स्तुती. बाबा, तुम्ही मला लहानपणी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून तिथेच न्यायचात. गेल्या खेपेला कोलकात्याचं एक म्हातारं जोडपं आलं होतं. काका स्वतः गाणारे. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा सुधारतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून मूठभर पाला रुमालात बांधून आणला आणि रात्री जेवताना सगळ्यांना दोन-दोन पानं वाटली. काकूंनी ती गुपचूप ताटाखाली सारली. त्या माउलीने आयुष्यभर रियाज ऐकला असणार.

धुक्याचे दिवस मात्र जिवावर येतात. दिल्लीहून गाडी सहा तास उशिरा येते, आग्र्याहून मोटारीने यायचं तर रस्ता दिसत नाही. पाहुणा रात्री दोनला दारात उभा राहतो, गारठलेला आणि चिडलेला. अशा वेळी मी स्वागताची भाषणं करत नाही. आधी मुगाची गरम खिचडी, वर तूप, पापड. नाव-गाव, आधार कार्ड, परदेशी असेल तर त्याच्याबद्दल चोवीस तासांत भरायचा सरकारी फॉर्म, हे सगळं सकाळी.

आणि बंब. प्रत्येक न्हाणीघरात गीझर आहे, तरी तांब्याचा बंब मी मागच्या अंगणात पेटता ठेवते. माळीकाका पहाटे पाचला त्यात लाकडं घालतात. वरून एक बादली गार पाणी ओतलं की नळातून कढत पाणी पडतं, याचं शहरातल्या माणसांना भारी नवल वाटतं. गीझर सोडून लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहतात. एका दिल्लीच्या बाईंनी तर बंब विकत मागितला. मी म्हटलं, आमच्या आईला विचारावं लागेल. तर आई, विचारते आहे, आणि उत्तर नाही असं देशील ही खात्री आहे.

जेवणाबद्दल तू दर वेळी विचारतेस. महाराष्ट्रीय जेवण म्हणजे वडापाव, अशी समजूत घेऊन लोक येतात. मी त्यांना चिंचगुळाची आमटी, भरली वांगी आणि बाजरीची भाकरी वाढते. बाजरी इथलीच, चंबळच्या काठची. मोहरीचं तेल मात्र मी अजून स्वयंपाकघरात येऊ दिलेलं नाही, मावशी कितीही कुरकुरल्या तरी. खिडकीतून सगळीकडे मोहरीची पिवळी शेतं दिसतात आणि ताटात शेंगदाण्याचं तेल, हे त्यांना पटत नाही. गोड म्हणून मुरैन्याची तीळ-गुळाची गजक. जानेवारीत मेळा जोरात असतो, तेव्हा मी संध्याकाळचं जेवणच ठेवत नाही, सगळे तिकडेच खाऊन येतात. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली गुरांचा बाजार म्हणून सुरू केलेल्या मेळ्यात आज लोक मोटारी घ्यायला जातात, हे सांगितलं की पाहुणे हसतात.

फाल्गुनात आठ-दहा दिवस बरे जातात. मग चैत्रापासून गर्दी ओसरते.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षी मी मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत गढी पाहुण्यांसाठी बंद ठेवणार आहे. दादाने कपाळावर हात मारून घेतला असेल. पण बाबा, तुम्ही इथले मे महिने काढले आहेत. पंचेचाळीस-सेहेचाळीस पारा, दुपारी लूचा गरम वारा, आणि रात्री छताच्या दगडी पटिया दिवसभराची धग खाली सोडत असतात. तिथे एसी मध्यरात्रीपर्यंत त्या दगडाशी झगडत बसणार. त्यासाठी झरोके बुजवायचे, खाली खोटं छत मारायचं, आणि गावची वीज दुपारी हटकून जाते ती वेगळीच. तळघरात वाळ्याचे पडदे भिजवून दोन खोल्या राहण्याजोग्या होतात, पण दोन खोल्यांसाठी सगळी माणसं राबवण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा तो महिना मला गच्चीसाठी हवा आहे. मागे कुणीतरी पश्चिमेच्या गच्चीवर सिमेंट फासून ठेवलंय. दगड-चुन्याच्या भिंतीत ओल शिरली की तिला बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती बंद करतं, मग ओल आतून फुटते. मधल्या खोलीत भिंतीला लोणा, म्हणजे क्षाराचा पांढरा थर, धरलाय तो त्यामुळेच. दतियाकडचे एक म्हातारे मिस्त्री मिळालेत, चुन्याचा कोबा करणारे. विटांचे तुकडे आणि भिजवलेला चुना पसरायचा, वरून गुळाचं आणि बेलाच्या गराचं पाणी शिंपडायचं आणि बायकांनी रांगेत बसून लाकडी थापीने ठोकत जायचं. थापी उलटी उसळायला लागली की कोबा बसला, असं ते म्हणतात. मेच्या उन्हात तो पटकन वाळून तडकू नये म्हणून त्यावर ओली पोती, दिवसातून चार वेळा पाणी. हे काम भर पावसात होत नाही आणि थंडीत मला सवड नाही. गच्ची गेली तर पाच खोल्याही राहणार नाहीत, हे दादाला तुम्हीच समजावा.

पावसाळ्याचं फार लिहीत नाही. तिघऱ्याचं धरण भरलं आणि दरवाजे उघडले की शहरातली माणसं ते बघायला येतात आणि परतताना आपल्याकडे भजी-चहाला थांबतात. मुक्काम क्वचितच. गौरी-गणपतीत दोन खोल्या दिल्या होत्या. लखनौच्या एका कुटुंबातल्या लहान मुलीने आरतीला झांज धरली आणि मग पाचही दिवस ती कुणाला दिलीच नाही.

बाबा, एक जुनं बोलणं अजून बाकी आहे. दारी आलेल्या माणसाकडून पैसे घेणं तुम्हाला रुचत नाही, आणि कुणी भेटलं की गढीची धर्मशाळा केली असं तुम्ही म्हणता, ते माझ्या कानावर येतं. पण १९५१च्या कायद्याने जहागिरी गेल्या तेव्हापासून या घराला स्वतःचं उत्पन्न नाही. आजोबांनीसुद्धा दोन खोल्या आडत्याला मोहरीची पोती ठेवायला भाड्याने दिल्याच होत्या, आणि तेव्हा कुणाला कमीपणा वाटला नव्हता. पोत्यांपेक्षा माणसं बरी. निदान जाताना नमस्कार तरी करतात.

तुम्ही दोघं दिवाळीनंतर या. पिंजारी पुढच्या आठवड्यात येतोय, रजया तोवर पिंजून होतील. तुम्हाला दक्षिणेची कोपऱ्यातली खोली ठेवली आहे. तिला दोनच पायऱ्या आहेत, आणि गुडघ्यासाठी कठडा बसवून घेतलाय. बाबा, एक काम तुमच्यावाचून अडलंय. पश्चिमेच्या गच्चीचं पाणी जिथून खाली उतरतं त्या पन्हाळीचं तोंड कुठे निघतं ते मिस्त्रींना सापडत नाही. गोठ्यामागे की विहिरीच्या अंगाला? लहानपणी तुम्ही त्यात चेंडू घालवलात, असं आत्याबाई म्हणतात. आठवत असेल तर येण्याआधीच कागदावर आकृती काढून दादाकडून फोनवर पाठवा.

तुमची लेक

ता. क. आई, गोडा मसाला दोन किलो लागेल, आणि थालीपिठाची भाजणी जमेल तितकी. इथल्या गिरणीत भाजणी दळली की तिला बेसनाचा वास लागतो. मसाल्याचे पैसे मी गढीच्या वहीत खर्चाला मांडणार आहे. रागावू नकोस, दादाच्या हिशोबात ते दाखवावे लागतात.