कोविडमध्ये आई-बाबा गेलेल्या मुलांची फाइल बंद करू नका

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नागपुरात प्राथमिक शाळेत शिकवते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत इथे मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, मोक्षधाम आणि अंबाझरी घाटावर सरणासाठी ताटकळावं लागत होतं. त्या दिवसांत आई किंवा बाबा गेले अशी बालवाडीच्या वयाची मुलं नंतर माझ्या वर्गात आली. त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांची मुदत ठेव ठेवली, केंद्राने पीएम केअर्समधून दहा लाखांची सोय केली. पालक गमावलेल्या मुलांना घरीच वाढवण्यासाठी मदत देणाऱ्या बालसंगोपन योजनेची रक्कम वाढून महिना २,२५० रुपये झाली. ऑटोचं भाडं आणि वह्या-पुस्तकं त्यातून निघतात, हे मला आयांनीच सांगितलं आहे.

मात्र त्यांच्यासोबत बसून मी जेवढे अर्ज भरले, त्यातल्या एकातही मूल झोपतं का, जेवतं का, गेलेल्या माणसाबद्दल बोलतं का, हे विचारलेलं नव्हतं. मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. सगळं लागतं.

वर्गातला एक मुलगा अधूनमधून शाळा बुडवायचा. विचारलं की पोट दुखत होतं म्हणायचा. एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आपणहून बोलला, "मॅडम, आई खोकलून राहिली होती ना, म्हणून नाही आलो." बाबा असेच खोकत होते, त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये बसवून नेलं आणि ते परत आलेच नाहीत. त्याने पाहिलं ते एवढंच. तेव्हापासून आई खोकली की हा घरी थांबून तिच्यावर लक्ष ठेवतो. हजेरीपटावर त्या दिवसांपुढे 'आजारी' असं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना मरण म्हणजे कायमचं जाणं हे नीट उमगत नाही. आपण हट्ट केला, त्रास दिला म्हणून बाबा गेले, असंही त्या वयात वाटू शकतं. समज वाढते तसं तेच दुःख नव्याने कळतं: दहाव्या वर्षी वेगळं, पाळी आली की वेगळं, दहावीच्या निकालाच्या दिवशी वेगळं. मूल तासभर खेळतं, हसतं, मग क्षुल्लक कारणावरून वही फाडतं; आणि मोठी माणसं म्हणतात, विसरलं बिचारं. कोविडमध्ये तर निरोपही झाला नाही. देह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, चेहरा दिसला नाही, घाटावर मोजकी माणसं, अस्थी घेऊन रामटेकच्या अंबाळ्याला कोण गेलं हेही कित्येक मुलांना ठाऊक नाही. घरच्यांनी "बाबा गावाला गेले" म्हणून वेळ मारून नेली. त्यांना दोष कसा देऊ? तीही माणसं कोलमडलेलीच होती.

राष्ट्रीय बालहक्क आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आकडा दिला होता. एप्रिल २०२० पासून देशात १,४७,४९२ मुलांनी एक किंवा दोन्ही पालक गमावले किंवा ती टाकली गेली. सगळे मृत्यू कोविडचेच होते असं नाही. यात दोन्ही पालक गेलेली मुलं १०,०९४ आणि एक पालक गेलेली १,३६,९१०. मोठ्या रकमेच्या ठेवी पहिल्या गटासाठी आहेत. दुसऱ्या गटातली मुलं आमच्या वर्गांत सर्वसाधारण मुलं म्हणून बसतात आणि शिक्षकांना बहुतेक वेळा पत्ताच नसतो.

धनादेश वाटपाचे फोटो मात्र सगळ्यांना माहीत असतात. बालन्याय अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. तरी मांडवात उभं करून मुलांच्या हाती पाकीट दिलं गेलं, फोटो मोबाईलवर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना "तुझे बाबा मेले ना?" हे ऐकावं लागलं. हे आपण एका परिपत्रकाने थांबवू शकता.

बाकी मागण्याही आवाक्यातल्या आहेत. बालसंगोपनासाठी घरी येणाऱ्या समाजकार्यकर्त्यांना मुलांच्या दुःखाबद्दल नीट प्रशिक्षण द्या आणि त्यांच्या अहवालात त्यासाठी जागा ठेवा. पालकांची संमती घेऊन शाळेतल्या एकाच शिक्षकाला माहिती कळवा, म्हणजे 'माझे बाबा' हा निबंध फळ्यावर लिहिण्याआधी आम्ही थांबू. शालेय शिक्षण विभागाशी बोलून आसपासच्या शाळांच्या प्रत्येक केंद्राला फिरता समुपदेशक द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, पण नऊ वर्षांचं मूल फोन उचलून आपलं दुःख सांगणार नाही. त्याला रोज दिसणारं माणूस लागतं. आणि ही सोबत मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत राहू द्या. मुदत ठेवीला आपण निदान तेवढी वर्षं दिलीच आहेत.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल तेव्हा आम्ही काही शिक्षिका निवेदन घेऊन विधानभवनावर येऊ. पंधरा मिनिटं द्या. मुलांना आम्ही सोबत आणणार नाही.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, नागपूर