फोटोचा वरचा भाग कुठे गेला?

फोंडा, गोवा

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

शिरीषकाकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला, पाण्यातून काळी मान काढलेल्या 'तळ्यातल्या प्राण्या'चा तो फोटो तू मला परत पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, खरा की खोटा, एका शब्दात सांग." एका शब्दात कसं सांगू? प्रश्न तीन आहेत, आणि तुम्ही होस्टेलवर दोन रात्री भांडलात ते तिन्हींची मिसळ करून. फोटोत फेरफार झालाय का, हा एक. त्यात दिसतंय ते काय आहे, हा दुसरा. ते केवढं आहे, हा तिसरा. सगळे पहिल्याच प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. निकाल बहुतेक वेळा तिसऱ्यावर लागतो.

तुझी मैत्रीण लॉख नेसचा, म्हणजे स्कॉटलंडमधल्या त्या राक्षसासाठी गाजलेल्या तळ्याचा, दाखला देते ना, तोच घे. २१ एप्रिल १९३४ रोजी 'डेली मेल'मध्ये छापून आलेला, पाण्यातून वर आलेल्या लांब मानेचा तो प्रसिद्ध फोटो. तो रॉबर्ट केनेथ विल्सन या लंडनच्या डॉक्टरच्या नावावर आला, म्हणून 'सर्जनचा फोटो'. पुढे १९९४ मध्ये त्यातलं बिंग फुटलं. खेळण्यातली पाणबुडी, तिच्यावर लाकडाच्या लुकणाची मान आणि डोकं, सगळं मिळून साधारण फूटभर उंच. ते डोकं बनवणारा, आणि म्हातारपणी तशी कबुली देणारा, ख्रिश्चन स्पर्लिंग हा मार्माड्यूक वेदरेलचा सावत्र मुलगा. हे वेदरेल म्हणजे त्याच वर्तमानपत्राने १९३३ च्या डिसेंबरात प्राण्याचा माग काढायला पाठवलेले शिकारी. त्यांना काठावर सापडलेले 'ठसे' पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाचे निघाले होते, आणि त्या फजितीचा राग त्यांनी असा काढला.

पण त्या निगेटिव्हवर कोणी खाडाखोड केलेली नव्हती. कॅमेऱ्यासमोर जे होतं तेच काचेवर उमटलं. आज फेरफार ओळखणारं कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्यावर चालवलंस तरी ते 'अस्सल' म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. फोटो खरा, प्राणी खोटा. तो साठ वर्षं टिकला कारण वर्तमानपत्राने मधला तुकडा कापून मोठा छापला. पूर्ण फोटोत भोवती पुष्कळ पाणी आहे, त्यात ती वस्तू इवलीशी दिसते, आणि तिच्याभोवतीची वलयं जवळून टिपलेल्या लहान तरंगांची वाटतात. लेब्लाँड आणि कॉलिन्स या दोन संशोधकांनी कबुलीजबाबाच्या आधीच, १९८७ मध्ये, लाटांवरून हिशेब करून मान सुमारे १.२ मीटर ठरवली होती. खऱ्यापेक्षा ती जास्तच आली, पण राक्षसाचा निम्मा निकाल तेव्हाच लागला होता. म्हणून वादात त्या कबुलीवर फार भर देऊ नकोस. "म्हातारा मरताना काहीही बोलला असेल" असं उत्तर येतं आणि वाद तिथेच अडकतो. तरंगांवर बोल, ते कोणाच्या शब्दावर अवलंबून नाहीत.

आता काकांचा फोटो. तो ११८० बाय ६४० ठिपक्यांचा (पिक्सेलांचा) आहे. फोनचा पूर्ण फोटो ४:३ किंवा १६:९ या प्रमाणात येतो, हा दोन्हींत बसत नाही. म्हणजे कोणीतरी कापलाय, आणि वरून कापलाय, कारण पलीकडचा काठ कुठेच नाही. तो का हवा, ते सांगते. सगळ्या फोटोतलं मोलाचं तेवढंच आहे.

सपाट पाण्यावरच्या फोटोत क्षितिजाची रेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर वर असेल, तर पाण्यात उभी जी वस्तू बरोबर क्षितिजाला टेकते ती दीड मीटर उंच. जवळ असो की लांब. त्यावरून सोपं गणित निघतं: वस्तूच्या बुडापासून शेंड्यापर्यंतचे ठिपके मोज, बुडापासून क्षितिजापर्यंतचे मोज, पहिल्याला दुसऱ्याने भाग आणि कॅमेऱ्याच्या उंचीने गुण. लेन्स कुठली, झूम किती, वस्तू किती लांब, काही लागत नाही. व्हॉट्सॲपने फोटो लहान केला तरी प्रमाण तेच राहतं.

फक्त तळ्यात खरं क्षितिज दिसत नाही, पलीकडचा काठ दिसतो, आणि तो क्षितिजाच्या थोडा खाली असतो. ती दुरुस्ती करायलाच लेन्स लागते. बऱ्याच फोनची मुख्य लेन्स २६ मिमी समतुल्य (म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात), फोटो ४०३२ ठिपके रुंद. तिच्यासाठी कॅमेऱ्याच्या मीटरमधल्या उंचीला ३०३० ने गुणायचं आणि काठाच्या अंतराने भागायचं. दीड मीटर उंची आणि ३०० मीटरवर काठ असेल तर १५ ठिपके. काठाचं अंतर उपग्रहाच्या नकाशावर मोजपट्टी लावून मिळतं.

समज, पूर्ण फोटोत मान १४ ठिपके उंच आहे आणि तिचं बूड पलीकडच्या काठाच्या ४६ ठिपके खाली आहे. ४६ अधिक १५ म्हणजे ६१. चौदा भागिले एकसष्ट, गुणिले दीड: ३४ सेंटिमीटर. आता तोच माणूस दोन मीटर उंच बांधावर उभा राहून फोटो काढत होता असं धर. कॅमेरा पाण्यापासून साडेतीन मीटरवर गेला, दुरुस्ती ३५ ठिपक्यांची झाली, आणि मान ६० सेंटिमीटरची. फोटो तोच, आकडा जवळजवळ दुप्पट. लोक चुकतात ते नेमके इथे: स्वतःची उंची सांगतात, पाण्यापासूनची नाही. म्हणून काकांना, किंवा त्यांना ज्याने पाठवला त्याला, पहिला प्रश्न हाच: तू कुठे उभा होतास, आणि पाणी तुझ्या पायांपासून किती खाली होतं?

तर ३४ ते ६० सेंटिमीटरची, नागमोडी, पाण्यातून काठीसारखी वर आलेली मान. आपल्याकडच्या तळ्यांवर पक्षी बघणाऱ्या कोणालाही विचार, तो न थांबता 'तिरंदाज' म्हणेल. याची पिसं भिजतात, त्यामुळे तो अंगाने बुडून पोहतो आणि वर फक्त साप डोलावा तशी मान राहते. पाणकावळा पोहताना थोडी तरी पाठ दाखवतो, तिरंदाज तीही दाखवत नाही. काकांच्या फोटोत तिरंदाजच आहे असं मात्र मी म्हणत नाही. आकार माहीत नाही तोवर तो तिरंदाज असेल, नाहीतर माडाच्या कुजक्या खोडाचं वर आलेलं टोक असेल.

कुबडांची रांग दिसली तर आधी पाणमांजरं आठव. ती कळपाने, एकामागे एक पोहतात. डोकं, पाठ, शेपूट, पुन्हा डोकं, आणि लांबून तो एकच लांबलचक प्राणी वाटतो. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाजनाकाठचे, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतांकाठचे, लोक चिखलाची मगर थापून पूजतात, तिला मानगें थापणी म्हणतात. तरंगत्या मगरीचे नाकपुड्या आणि डोळे एवढेच उंचवटे दिसतात. मगरीचं डोकं साधारण अंगाच्या सातव्या हिश्शाएवढं, म्हणून डोक्याची लांबी मिळाली की सातने गुणायचं. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की गेल्या आठवड्यात नसलेल्या गोष्टी वर येतात. साळावली धरणात तर मे महिन्यात अख्खं कुर्डी गाव वर येतं, मग एका बुंध्याचं काय घेऊन बसलीस.

व्हिडिओ असला तर काम आणखी सोपं, कारण लाटा घड्याळाप्रमाणे चालतात. खोल पाण्यावर लाटेची लांबी मीटरमध्ये म्हणजे तिच्या आवर्तनाच्या सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६. पाण्यात रोवलेली काठी किंवा स्थिर पान धर आणि त्याच्यावरून दहा लाटा जायला किती वेळ लागतो ते मोज. पाच सेकंद लागले तर एक लाट अर्ध्या सेकंदाची, लांबी ३९ सेंटिमीटर. अशा तीन लाटांत मावणारा 'वीस मीटरचा राक्षस' सव्वा मीटरचाही भरत नाही. फसतं ते स्लो मोशनमध्ये: वेळ चौपट ताणली की लाट सोळापट लांब येते. म्हणून आधी पाण्याचा उडालेला थेंब किंवा काठावरचा चालणारा माणूस बघून वेग नेहमीचा आहे ना ते ठरव. चालती वस्तू मागे पाण्यावर सुमारे ३९ अंशांचा फाळ, म्हणजे इंग्रजी 'V'सारख्या लाटा, सोडते. फाळ नसेल तर ती चालत नाहीये, वाऱ्याने लाटा तिच्यावरून जाताहेत. उलट, फाळ आहे आणि वस्तूच नाही, असंही होतं. लॉख नेस हे ३७ किलोमीटर लांब आणि अरुंद पाणी. बोट दिसेनाशी झाल्यावरही तिच्या लाटा दोन्ही काठांवर आपटून मधोमध एकमेकींना भेटतात आणि काळी कुबडं उठतात. मांडवीत बार्ज गेल्यावर पाच मिनिटांनी काठावर उभी राहून बघ.

झूमचं तेवढं नीट समजून घे. मुख्य लेन्सने १०० मीटरवर एका ठिपक्यात ३.३ सेंटिमीटर मावतात, म्हणजे तिरंदाजाची मान दहाएक ठिपक्यांची. वेगळी टेलिफोटो लेन्स नसलेल्या फोनवर दहापट झूम केलास की शंभर ठिपक्यांतला एकच कॅमेऱ्याने पाहिलेला असतो, बाकीचे नव्व्याण्णव फोनने मनाने भरलेले. कातडीची घडी, डोळ्याची चमक, मगरीसारखे खवले हे सगळं त्या नव्व्याण्णवांत असतं. हा रोग नवा नाही. १९७२ मध्ये रॉबर्ट राइन्स यांच्या पथकाने लॉख नेसच्या पाण्याखाली काढलेल्या फोटोत चौकटच्या आकाराचा 'पर' दिसला तो छापलेल्या, सुधारलेल्या प्रतीत; मूळ प्रतीत बराचसा गढूळ दाणेदारपणा आहे. त्याच्या आधारावर १९७५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात प्राण्याला शास्त्रीय नावसुद्धा मिळालं. त्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की 'सर पीटर एस. यांची राक्षस-थाप' असा अर्थ निघतो, आणि नाव देणाऱ्यांपैकी एक होते सर पीटर स्कॉट. योगायोग की खट्याळपणा, तूच ठरव.

तुझ्या मैत्रिणीने ते रंगीबेरंगी ठिपक्यांचं 'एरर लेव्हल' विश्लेषण पाठवलंय, फोटोत नंतर चिकटवलेला भाग चमकवून दाखवतो म्हणणारं, ते बाजूला ठेव. व्हॉट्सॲपवरून तीनदा फिरलेल्या फोटोत कुठलीही गडद कड त्यात चमकते. पाण्यावरची काळी मान चमकणारच. त्यावरून ती 'चिकटवली' असं म्हणणं म्हणजे कावीळ झाल्यावर भिंत पिवळी म्हणणं. त्यापेक्षा प्रतिबिंब बघ. ते वस्तूच्या थेट खाली, त्याच उभ्या रेषेत हवं आणि तरंग असतील तर तुटलेलं हवं. आणि उलट शोध घेताना, म्हणजे फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते इंटरनेटवर बघताना, फोटो आरशासारखा फिरवूनही टाक, जुने फोटो बरेचदा फिरवून नव्याने सोडलेले असतात.

तुझ्या बाजूच्या, राक्षस खोटा म्हणणाऱ्यांनाही एक सांग. १९३३ च्या नोव्हेंबरात ह्यू ग्रे यांनी काढलेला लॉख नेसचा पहिला गाजलेला फोटो "तोंडात काठी धरलेला कुत्रा आहे" असं ठासून सांगू नका. एवढ्या अस्पष्ट डागात राक्षस दिसतो तसा कुत्राही दिसतो. "काय आहे ते ठरवता येत नाही" हेही उत्तर आहे आणि ते द्यायला लाजू नये. प्राणी आहे की नाही हा प्रश्न तर फोटोवर सोडूच नये. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या पथकाने लॉख नेसच्या पाण्याचे सुमारे अडीचशे नमुने घेऊन त्यातला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशाचा मात्र ढीगभर.

आता तू करायचं ते. काकांना मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांग; फोटो म्हणून पाठवली की वेळ, लेन्स, सगळी नोंद गळून पडते. त्या नोंदीही बदलता येतात, म्हणून त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटोही माग. राक्षस दिसल्यावर कोणी एकच फोटो काढून घरी जात नाही. आणि तळं कुठलं ते आधी ठरू दे: काका मये म्हणतात, खालच्या मजकुरात करमळी आहे.

जागा कळली तर बांबू लावून बघू. अमेरिकेतल्या लेक शॅम्प्लेन या सरोवरावरच्या १९७७ च्या सँड्रा मॅन्सी यांच्या फोटोबद्दल रॅडफर्ड आणि निकेल यांनी २००२ मध्ये तेच केलं, पाण्यात मापाची खूण उभी करून फोटो काढले आणि 'राक्षस' दोनेक मीटरवर आला. तीन मीटरचा बांबू, दर दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा, बुडाला वजन म्हणून दगड. होडीतून २५, ५० आणि १०० मीटरवर उभा धरायचा आणि त्याच फोनने, त्याच उंचीवरून टिपायचा. होडी हलते, बांबू कलतो, म्हणून प्रत्येक अंतरावर पाच-सहा फोटो. झूम करताना फोन आपोआप लेन्स बदलतो, म्हणून झूम १ वरच ठेवायचा.

दिवाळीला येशील तेव्हा मात्र हे जमणार नाही. फोटोत खाली भेगाळलेल्या चिखलाची पट्टी दिसते, म्हणजे पाणी उतरलेलं आहे. दिवाळीला तळं काठोकाठ असेल आणि सगळ्या उंच्या बदलतील. तेव्हा फक्त बांधाची उंची मोजून वहीत लिहून ठेवू. बांबू मे महिन्यात.

तुझी,
आई