सगळेच ठसे लाकडाचे नव्हेत

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत राजा आर्थरच्या दंतकथेवरची दोन चित्रे आली: इंग्रज चित्रकार रोझेटी यांचे ‘लेडी ऑफ शॅलॉट’ (१८५७) आणि त्यांच्यानंतरचे इंग्रज चित्रकार बीअर्डस्ली यांचे एक (१८९३). दोन्हींखाली ‘लाकडी ठसा’ लिहिले आहे. दुसऱ्याला ते लागू नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली ज्या गोव्यात आला, तिथल्या वर्तमानपत्रात तरी ही गल्लत नको.

रोझेटींचे चित्र प्रकाशक मॉक्सनने काढलेल्या इंग्रज कवी टेनिसनच्या कवितासंग्रहातले. त्यात ५४ चित्रे आहेत. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या कापावर चित्रकार आरशातल्यासारखे उलटे चित्र काढी आणि कोरणारा काळी रेघ तेवढी राखून बाकीचे लाकूड ब्युरिनने (कोरायच्या टोकदार हत्याराने) उकरून टाकी. मूळ रेखाटन त्यातच संपे. रोझेटींनी तर पेन्सिल, शाईचा वॉश (पातळ शाईचा हात), रंगीत खडू असे सगळे ठोकळ्यावर मिसळले. त्या वॉशच्या रेघा करायच्या कोरणाऱ्या डॅलझिएल बंधूंनी! चित्र बिघडवले म्हणून रोझेटी त्यांच्यावर चिडले, पण आमच्या मते दोष निम्मा रोझेटींचाच.

बॉक्सवुडचे खोड बारीक, म्हणून मोठा ठोकळा तुकडे जोडून करावा लागे. सांधा जरा उघडला की चित्रातून केसाएवढी पांढरी रेघ सरळ आरपार जाते. दहापट भिंगातून ती दिसली तर लाकूड नक्की. ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकीच (छपाईच्या धातूच्या अक्षरांइतकीच), सुमारे २३.३ मिमी, म्हणून मजकूर आणि चित्र एकाच दाबात छापता येई.

बीअर्डस्लींनी कागदावर शाईने काढले. त्याचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवून मोकळी जागा आम्लाने खाल्ली; हाच ‘लाइन ब्लॉक’. कोरणारा मध्ये नाहीच. सपाट काळे पट्टे आणि लांबच लांब रेघ जशीच्या तशी उतरते ती त्यामुळे. मात्र आम्ल रेघेखाली कडेने शिरले तर बारीक रेघ तुटते.

तिसरा प्रकारही आहे: फ्रेंच चित्रकार दोरे यांची आर्थरचित्रे पोलादी पत्र्यावर कोरलेली. ती वेगळ्या पानावर छापत. पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन कापला गेला नसेल तर बोटाला लागतो.

गोव्यातल्या जुन्या घरांत अशी पुस्तके असतील, तर पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका; आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. फाटलेल्या पानाला सेलोटेपही नको. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

बीअर्डस्लींच्या चित्राखाली ‘जस्ताचा लाइन ब्लॉक’ आणि रोझेटींच्या चित्राखाली कोरणाऱ्या डॅलझिएल बंधूंचेही नाव, एवढी दुरुस्ती छापावी.

— मुद्रणकलेचे दोन अभ्यासक, मडगाव