सोनाखानच्या सोनझाऱ्यांची मोजणी करा : केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

2016 साली छत्तीसगडच्या सोनाखान भागातला बाघमारा ब्लॉक लिलावात निघाला. सोन्याच्या खाणीचा देशातला तो पहिला लिलाव. वेदांता कंपनीने बोली जिंकली आणि जो तो म्हणू लागला, सोनाखानला सोनं सापडलं. ते हरवलं कधी होतं? शेजारच्या जोंक नदीची वाळू धुऊन तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं काढत आली आहेत. जशपूरकडे ईब नदीवर तेच, बालाघाटात वैनगंगेच्या खोऱ्यातही तेच. इंग्रज अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींची माहिती छापली, तेव्हा वाळू धुऊन सोनं काढणाऱ्या या सोनझाऱ्यांची वेगळी नोंद केली होती.

हे काम दिसतं सोपं. पूर ओसरला की नदीच्या वळणावर, खडकाच्या आडोशाला जिथे पाणी मंदावतं तिथली रेती उपसायची. ती लाकडी काथवटीत घेऊन पाण्यात गोल गोल हलवायची. हलकी वाळू वाहून जाते, तळाशी जड काळी रेती उरते आणि नशीब असेल तर तिच्या कडेला चार-दोन पिवळे कण. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहून एवढंच. भाव मात्र ठरवणार व्यापारी.

आता गंमत पाहा. भूवैज्ञानिकही सोन्याचा माग असाच काढतात. नदीत कण मिळाले की ओढ्याओढ्याने वर सरकत मूळ खडक गाठायचा. म्हणजे आपल्या खात्याचं पहिलं सर्वेक्षण या लोकांनी फुकटात करून ठेवलं होतं.

सोनाखानचा आणि आम्हा नागपूरकरांचा संबंध जुना आहे. 1854 पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि दोनच वर्षांत दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार जमातीचे जमीनदार नारायणसिंह यांनी सावकाराचं कोठार फोडून धान्य वाटलं. 10 डिसेंबर 1857 रोजी रायपुरात त्यांना फाशी दिलं. आज त्यांच्या नावाचं मोठं क्रिकेट स्टेडियम आहे. नाव दिलं ते चांगलंच केलं, पण त्यांच्या रयतेचं काय?

1957 च्या खाण कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय खनिज शोधताही येत नाही आणि काढताही येत नाही. 2015 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड. काथवट घेऊन नदीत उतरणाऱ्या बाईला हेक्टर कुठून लावणार? त्याच दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा जिल्ह्याचा न्यास आला, खाणीची झळ बसलेल्यांसाठी. ज्यांची नदीच खाणीखाली येईल, त्यांना झळ बसली म्हणायला आधी ते कागदावर तर हवेत.

म्हणून विनंती एवढीच. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे. जोंक, ईब आणि वैनगंगेच्या काठच्या सोनझाऱ्यांची गाववार यादी करायला त्यांना सांगा. ती यादी प्रतिष्ठानांकडे द्या आणि हाताने रेती धुणाऱ्यांना कायद्यात साधी सूट द्या. मोजणी पावसाळ्यानंतर सुरू करावी. पाणी उतरलं की माणसं पात्रातच भेटतील, घरोघर फिरावं लागणार नाही.

आपला,
एक नागपूरकर